युद्ध संपल्यावर मुलींना गणवेशात कशासाठी बोलावलं? (जुन्या भरतीपत्रकांविषयी)

कागदवेडी

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातली भरतीची पोस्टरं आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिली आहेत. युद्ध संपल्यानंतरची मात्र फारशी कुणी बघत नाही. मला नाद आहे तो त्यांचाच. त्यातही १९४५ ते साधारण १९५५ या काळात ब्रिटनमध्ये किशोरवयीन मुलींना प्रशिक्षण दलांत बोलावणारी पत्रकं, चार पानी पुस्तिका, शाळेच्या फलकावर लावायचे कागद. यावर मराठीत काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनने कायदा करून २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रिया आणि मूल नसलेल्या विधवा यांना युद्धसेवेसाठी बोलावण्याचा अधिकार घेतला. पाठोपाठ १६ ते १८ वयाच्या मुलामुलींनी सरकारदरबारी नाव नोंदवायचं ठरलं. मुलांसाठी 'एअर ट्रेनिंग कोअर' फेब्रुवारी १९४१ पासून होतीच. मुलींसाठी तीन दलं उभी राहिली: गर्ल्स ट्रेनिंग कोअर, विमनस ज्युनियर एअर कोअर आणि नौदलाच्या धर्तीवरची गर्ल्स नेव्हल (पुढे 'नॉटिकल') ट्रेनिंग कोअर. १९४२ मध्ये या तिघींना एका राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली आणलं गेलं. प्रथमोपचार, कवायत, मोर्स लिपी, निरोप पोचवणं, विमानं ओळखणं, गृहशुश्रूषा असं सगळं शिकवलं जाई. ट्रेनिंग कोअरच्या मुलींचा वेश म्हणजे पांढरा ब्लाउज, गडद निळा स्कर्ट, टाय आणि तिरकी टोपी. कपडे रेशनवर असताना जे घरात निघू शकेल तेच.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. मुलांची दलं सेनादलांच्या खात्यांच्या पदराखाली होती. मुलींच्या दलांना आधार होता तो शिक्षण खात्याचा. म्हणजे मुलगा कवायत करतो तो उद्या सैनिक होणार म्हणून, आणि मुलगी करते ती तिच्या घडणीसाठी. युद्धाच्या धामधुमीत हा फरक फारसा कुणाला टोचला नाही, कारण अठरा-वीस वर्षांची झाली की तीही कुठल्या ना कुठल्या गणवेशात जाणारच होती.

मग १९४५ उजाडलं. शांतता आली आणि या दलांपुढे अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला. मुलींची संख्या घसरू लागली. काल ज्या कारणासाठी बोलावत होतो ते कारणच संपलं, तर आज काय सांगून बोलवायचं?

हे कागद मला इतके महत्त्वाचे वाटतात ते यासाठी. प्रत्येक कागदावर दोन वाचक गृहीत धरलेले असतात आणि दोघींना वेगवेगळं सांगितलेलं असतं. मुलीला सांगायचं: ये, सहलींना चल, गणवेश घाल, मैत्रिणी मिळतील, विमानात बसशील, होडी वल्हवशील. आईला सांगायचं: पोरगी निरोगी राहील, चारचौघांत नीट बोलेल, घर सांभाळायला शिकेल, चांगली नागरिक होईल. 'नागरिकत्व' हा शब्द तर युद्धोत्तर काळात या संघटनांचा मुख्य आधारच झाला. अभ्यासक्रम बराचसा तोच राहिला. मोर्सही राहिली, प्रथमोपचारही राहिले. बदललं ते समर्थन. जखमी सैनिकासाठी शिकायचे प्रथमोपचार आता घरातल्या लेकरांसाठी शिकायचे होते.

आणि याच वर्षांत बाहेर काय चाललं होतं? युद्धात कारखान्यांतून विमानं हवाई तळांवर पोहोचवणाऱ्या एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत दीडशेहून अधिक महिला वैमानिक होत्या, १९४३ पासून त्यांना पुरुषांइतका पगार होता. ती संस्था १९४५ च्या अखेरीला बंद झाली. लग्न झालं की सरकारी नोकरी सोडायची ही अट शिक्षिकांसाठी १९४४ च्या कायद्याने गेली, नागरी सेवेत १९४६ मध्ये. १९४७ मध्ये मजुरांची टंचाई इतकी झाली की सरकारला बायकांना पुन्हा कारखान्यांत या म्हणून आवाहन करावं लागलं. परिचारिका तर हव्यातच होत्या. शेवटी १ फेब्रुवारी १९४९ ला स्त्रियांची भूदल आणि हवाई दलातली शाखा कायमस्वरूपी झाली. एका बाजूला 'घरी जा', दुसऱ्या बाजूला 'कामावर या', आणि मधोमध पंधरा वर्षांची मुलगी हातात पत्रक घेऊन उभी.

माझं मत स्पष्ट सांगते. देशाला या मुलींच्या सवयी हव्या होत्या: वक्तशीरपणा, आज्ञापालन, सेवा. पण त्या बदल्यात पुढचं कुठलंही वचन द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून ही पत्रकं आरोग्य, आनंद आणि चारित्र्य यांवर भरभरून बोलतात आणि व्यवसायाच्या प्रश्नापाशी आखडतात. मुलींवर झालेला हा अन्याय आहे असं मला वाटतं आणि तो आपण त्या नावानेच ओळखायला हवा.

तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्याकडच्या एनसीसीचं काय?

---

दर्यावर्दी

उत्तम धागा. माझी हयात बोटीवर गेली, म्हणून नॉटिकल कोअरबद्दल दोन शब्द.

तुमच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. ही पत्रकं लिहीत होतं कोण? संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये दिवे लावून मुलींना गाठी आणि झेंड्यांच्या खुणा शिकवणाऱ्या स्वयंसेविका. त्यांच्या हातात नौदलाची नोकरी नव्हतीच, तर त्या वचन कसलं देणार? जे त्यांच्याकडे होतं ते त्यांनी लिहिलं: पाणी, होडी, शिस्त, सोबत. मला तरी यात प्रामाणिकपणा दिसतो. खोटी आशा दाखवणारं पत्रक जास्त वाईट.

बाकी समुद्राची दारं किती हळू उघडली ते बघा. मुलांच्या सी कॅडेट्समध्ये (तिकडच्या नौदल धर्तीच्या छात्रसेनेत) मुलींना जागा मिळाली ती १९८० मध्ये, नॉटिकल कोअर त्यात सामील झाल्यावर. युद्धानंतर पस्तीस वर्षांनी!

---

रेषा_आणि_रंग

मी ग्राफिक डिझायनर आहे, त्यामुळे मजकुरापेक्षा चित्राकडे आधी लक्ष जातं.

१९४१ मध्ये एब्राम गेम्स या ब्रिटिश चित्रकाराने स्त्रियांच्या सहायक भूदलासाठी एक पोस्टर केलं होतं. टोपीखाली सोनेरी केस, लालभडक ओठ, सावलीतून पुढे आलेला एका बाजूचा चेहरा. मोहक आहे म्हणून त्यावर इतका गहजब झाला की ते मागे घ्यावं लागलं. वयात आलेल्या, स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या स्त्रियांसाठीच्या पोस्टरची ही गत, तर चौदा वर्षांच्या मुलीच्या पत्रकावर काय दाखवायचं याची धास्ती किती असेल!

त्या दृष्टीने पाहिलं तर कागदवेडी, तुम्ही म्हणता ते दोन वाचक चित्रातही दिसतील. मुलीची नजर कुठे आहे ते पाहा. ती वर, दूर बघत असेल तर चित्र मुलीसाठी. ती हातातल्या कामाकडे बघत असेल, पट्टी बांधत असेल, तर आईसाठी. आणखी एक: युद्धानंतरही कागदावर नियंत्रण होतं. त्यामुळे एक-दोन रंग, पातळ कागद, कोपऱ्यापर्यंत ठासून भरलेला मजकूर. याला गरिबीची कला म्हणा हवं तर, पण त्यात फार कौशल्य लागतं.

---

कृष्णाकाठ

मी एनसीसीवाली! सांगलीत कॉलेजला असताना तीन वर्षं. ऐंशीचं दशक.

आमच्या वेळी भरतीचं 'साहित्य' म्हणजे नोटीस बोर्डावरचा चक्रमुद्रित कागद आणि सीनियर मुली. पत्रकाने कुणी आलं असेल असं मला वाटत नाही. खाकी घालून मैदानावर चाललेल्या मुली बघून आम्ही आलो. घरी मात्र अगदी तुम्ही लिहिलंय तसंच सांगितलं. आईला सांगितलं की तब्येत सुधारते, धुलाई भत्ता मिळतो, परेडनंतर नाश्ता असतो. वडिलांना सांगितलं की 'सी' सर्टिफिकेटचा (एनसीसीच्या सगळ्यात वरच्या परीक्षेचा) पुढे उपयोग होतो. पॉइंट टू टू रायफल चालवायला मिळते हे घरात कुणालाच सांगितलं नाही, आणि मी गेले होते ते नेमकं त्याचसाठी.

'पुढे उपयोग' कसला, ते विचारायचं नसतं. आमच्या तुकडीतला मुलगा 'सी' घेऊन थेट अधिकारी व्हायची स्वप्नं बघायचा, एसएसबीच्या (सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतींच्या) गप्पा मारायचा. आम्ही मुली त्याच पायरीवर बसून ऐकायचो. माझा नेम त्याच्यापेक्षा चांगला होता. हे आजही मला बोचतं आणि बोचायलाच हवं.

---

जुनीपुराणी_पानं

कृष्णाकाठताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला इतिहासाची जोड देतो.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातही विमेन्स ऑक्झिलरी कोअर होती, १९४२ मध्ये उभारलेली. कार्यालयं, दूरध्वनी, संदेशवहन, नौदलाची वेगळी शाखा, अशी दहा हजारांहून जास्त स्त्रियांची फौज. युद्धानंतर ती मोडीत निघाली. याच सुमारास, १९४६ मध्ये, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिच्या शिफारशींवरून १९४८ चा राष्ट्रीय छात्रसेना कायदा झाला. त्या कायद्यातच तीन विभाग आहेत: ज्येष्ठ, कनिष्ठ आणि मुलींचा. मुलींचा विभाग प्रत्यक्षात सुरू झाला जुलै १९४९ मध्ये.

म्हणजे योगायोग बघा. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९४९ ला स्त्रियांची दलं कायम झाली, आपल्याकडे जुलै १९४९ ला मुलींची छात्रसेना आली. पण तिकडच्या मुलीला कवायतीनंतर जायला एक दार होतं, मग ते कितीही अरुंद असो. इकडे वैद्यकीय आणि शुश्रूषा सेवा सोडल्या तर सैन्यात अधिकारी म्हणून स्त्रियांना प्रवेश मिळाला तो थेट १९९२ मध्ये. १९४९ ते १९९२, त्रेचाळीस वर्षं! तेवढ्यात दोन पिढ्या मुली 'सावधान-विश्राम' करून घरी गेल्या.

दर्यावर्दींना उत्तर म्हणून: स्वयंसेविकांना दोष नाही, मान्य. पण आपल्याकडे भरती करणारं खुद्द सरकार होतं. आणि 'आमच्या हातात नव्हतं' हे सरकारला म्हणता येत नाही.

---

दर्यावर्दी

@जुनीपुराणी_पानं, हा मुद्दा बिनतोड आहे. मात्र एक बाजू राहते. एनसीसीच्या कायद्यात मुलांनाही प्रत्यक्ष लष्करी सेवेचं बंधन नव्हतं. कॅडेट म्हणजे सैनिक नव्हे. १९६२ च्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची केली, तीही १९६८ मध्ये उठवली. सक्ती मुलांवर होती. मुली त्या काळातही आपणहून येत होत्या. मला वाटतं त्यांच्या येण्याची कारणं आपण फक्त नोकरीच्या मापाने मोजू नयेत.

---

निळा_स्कार्फ

मी गाईड होते, पुढे गाईड कॅप्टन झाले. या चर्चेत गाईड्स नसतील तर चर्चा अर्धी राहील.

युद्धानंतर मुलींना बोलावण्याचा एक तिसराच प्रकार गाईड चळवळीने करून दाखवला. युद्ध चालू असतानाच, १९४२ च्या सुमारास, ब्रिटनमधल्या गाईड्सनी ठरवलं की लढाई थांबली की युरोपात मदतीला जायचं. गाईड इंटरनॅशनल सर्व्हिस असं नाव. त्यासाठी २१ वर्षांवरच्या गाईडर्सची निवड करायच्या आणि डोंगराळ भागात उपाशीतापाशी मुक्काम, सामान पाठीवर घेऊन चालणं, उघड्यावर स्वयंपाक अशा कठीण परीक्षा घ्यायच्या. १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनची छळछावणी मोकळी झाल्यावर तिथे पोहोचलेल्या मदत पथकांत या गाईड्स होत्या. टायफसने माणसं रोज मरत होती तिथे. याशिवाय ग्रीस, हॉलंड, जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्या, आणि मलाया.

त्यांना बोलावताना कुणी आरोग्य आणि चारित्र्याचं गोड बोट दाखवलं नाही. काम कठीण आहे, घाण आहे, तुम्हाला जमेल का, एवढंच विचारलं. आणि मुली आल्या. मला या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. अवघड काम स्पष्ट सांगितलं तर मुली मागे हटतात हा समज पत्रकं लिहिणाऱ्यांचा होता, मुलींचा नव्हता.

पुण्यातल्यांसाठी: जगभरच्या गाईड्सची जी जागतिक केंद्रं आहेत त्यांतलं 'संगम' आपल्या पुण्यात आहे, १९६६ पासून. येरवड्याजवळून जाताना पाटी दिसते. तिथल्या कार्यक्रमांना गेलं की देशोदेशीच्या मुली भेटतात, आणि त्यांतल्या कुणाची ना कुणाची आजी युद्धकाळातली गाईड निघते.

---

मोरपीस

निळा_स्कार्फ यांचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. बेल्सनमधल्या गाईड्सबद्दल काहीच माहीत नव्हतं. मुलीला वाचून दाखवते आहे.

---

कागदवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देते.

दर्यावर्दी, स्वयंसेविकांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटतं आणि मी त्यात भर घालते. ज्युनियर एअर कोअरने युद्धानंतर मुलींना खरोखर विमानात नेलं. दलाकडे स्वतःचं विमान होतं आणि युद्धात विमानं पोहोचवणाऱ्या महिला वैमानिकांपैकी काही जणी मुलींना घेऊन उडत. ज्यांचं स्वतःचं काम काढून घेतलं गेलं त्या बायका पुढच्या पिढीला आकाश दाखवत होत्या. पत्रकातलं 'विमानात बसशील' हे वाक्य खोटं नव्हतं. त्यामुळे 'अन्याय' हा माझा शब्द मी त्या बायकांकडे नाही, वर बसलेल्यांकडे बोट करून वापरते आहे, आणि तो सोडणार नाही. कारण त्या विमानात बसलेली मुलगी पुढे हवाई दलात वैमानिक होऊ शकली का? १९५२ मध्ये जीन लेनॉक्स बर्ड यांना हवाई दलाचे 'विंग्ज' (वैमानिकाचं पंखांचं चिन्ह) मिळाले, त्याही राखीव दलात आणि त्याही मुळात युद्धकाळातल्या वैमानिक. नियमित सेवेत स्त्रीने विमान चालवायला १९९१ उजाडावं लागलं. पन्नास साली चौदा वर्षांची असलेली मुलगी तोवर पंचावन्नची झाली.

रेषा_आणि_रंग, नजरेचा मुद्दा मी आता प्रत्येक कागदावर तपासणार. फार कामाची गोष्ट दिलीत.

कृष्णाकाठ, तुमचं 'घरी सांगितलं नाही' हे माझ्यासाठी मोलाचं आहे. पत्रकाच्या अभ्यासात नेहमी एक बाजू रिकामी राहते: वाचणाऱ्या मुलीने त्यातलं काय घेतलं? तुम्ही आईसाठीचा मजकूर आईला दिलात आणि स्वतःसाठीचा स्वतःकडे ठेवलात. पत्रक लिहिणाऱ्यांना हे माहीत असणार, म्हणूनच ते तसं लिहिलेलं असतं.

---

खडकवासला_एक्स्प्रेस

माझी भाची आत्ता अकरावीत आहे आणि एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करते. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना परीक्षेला बसता आलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला आली आणि ३० मे २०२५ ला १७ मुली दीक्षांत संचलनात चालल्या. आम्ही घरी टीव्हीसमोर उभे राहून पाहिलं.

तिच्या क्लासचं जाहिरातपत्रक माझ्यासमोर आहे. त्यात 'व्यक्तिमत्त्व विकास' नाही, 'आदर्श नागरिक' नाही. परीक्षेची तारीख, धावण्याची वेळ, उंची-वजन, आणि खाली हुद्दा आणि पगार. धागा वाचेपर्यंत मला हे रूक्ष वाटत होतं. आता ते पुन्हा पुन्हा वाचतोय.

---

सेवादलाची_लेक

एक छोटी भर. गणवेश आणि कवायत म्हटलं की सेनेकडे जाणारा रस्ता हेच एक उत्तर नाही. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दल १९४१ पासून आहे. माझी आई तिथे मुलांच्या बरोबरीने शाखेवर जायची, लेझीम, कवायत, गाणी, श्रमदान. तिला कुणी नोकरीचं वचन दिलं नव्हतं आणि तिने मागितलंही नव्हतं. पण सभेत उभं राहून बोलायला ती तिथे शिकली आणि जन्मभर बोलली. त्यामुळे 'घडण' या शब्दाला इतकं हलकं लेखू नका अशी विनंती.

---

जुनीपुराणी_पानं

@सेवादलाची_लेक, फरक एवढाच की सेवादलाने मुलाला आणि मुलीला घडण एकच दिली. इथे तक्रार घडणीबद्दल नाही, मुलाला घडण *आणि* दार, मुलीला फक्त घडण, याबद्दल आहे.

---

सेवादलाची_लेक

हो, असं मांडलंत तर पटतं.

---

कृष्णाकाठ

खडकवासला_एक्स्प्रेस, भाचीला माझ्याकडून शाबासकी सांगा. आणि धावण्याचा सराव सकाळी लवकर, उन्हाआधी करायला सांगा. आमच्या बाईंनी लावलेली सवय अजून टिकून आहे.

कागदवेडी, माझ्या ट्रंकेत कॅम्पचे दोन-तीन कागद आणि एक घडीपत्रक असावं. तुम्हाला उपयोग होईल का?

---

कागदवेडी

होईल! कृपया टाकू नका. आपल्याकडची मुलींच्या एनसीसीची, गाईड्सची, सेवादलाची अशी कागदपत्रं फार कमी ठिकाणी जपलेली आहेत, कारण ती कुणी कधी जपण्यालायक मानलीच नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी एवढं करावं:

दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, कोरी बाजू असली तरी. मागे कुणीतरी पेन्सिलीने नाव, बसची वेळ, हजेरी काहीतरी लिहिलेलं असतं. सगळ्यात खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि कधी कधी प्रतींची संख्या असते, ती वाचता येईल इतका जवळून एक फोटो वेगळा घ्या. वर्ष छापलेलं नसेल तर त्यावरून काळ ठरवता येतो. स्टेपल गंजली असेल तर ओढू नका, तशीच राहू द्या. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी साध्या कागदी पाकिटात ठेवा. आणि तो कागद तुमच्यापर्यंत कसा आला, कुणी दिला, तो वाचून तुम्ही गेलात की नाही गेलात, हे चार ओळींत लिहून पाकिटातच ठेवा. फोटोंसाठी मी उद्या वेगळा धागा उघडते, तिथे लावा. फोटोत इतर मुलींचे चेहरे किंवा पत्ते असतील तर ते झाकून.